शेततळ्यातल्या माशांसाठी एरेटर लावताय? या चुका टाळा

एरेटर घेणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हे यंत्र पाण्यात ऑक्सिजन भरतं. तसं ते करत नाही. एरेटर फक्त पाण्याची आणि हवेची गाठ घालून देतो. पुढची ये-जा दोन्हींकडच्या फरकावर ठरते. पाण्यात ऑक्सिजन कमी असला की तो हवेतून पाण्यात शिरतो आणि पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त झाला की हवेत निघून जातो. ही मर्यादा गोड्या पाण्यात ३० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ७.५ मिलिग्रॅम असते, २० अंशाला ९ च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात पाणी तापलं की ऑक्सिजन मावायची जागा घटते आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढते.

एवढी एक गोष्ट पक्की समजली तर खालच्या निम्म्या चुका होणार नाहीत. पण यंत्र आधी येतं, समज मागाहून येते आणि मधल्या काळात मासे जातात.

दुपारी चालू, रात्री बंद

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. शेततळ्याला ऑक्सिजनचा मोठा पुरवठा पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ करतं, तेही ऊन असेपर्यंतच. दुपारी तीन-चारच्या सुमाराला हिरव्या तळ्यात लिटरमागे १२ ते १४ मिलिग्रॅमही सापडतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ आणि उरलेलं खाद्य मिळून तो वापरत राहतात. तळ गाठला जातो पहाटे पाच-सहाला. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवावा. ३ च्या खाली ते खाणं टाकतात, आणि २ च्या खाली बराच वेळ राहिले तर मरायला लागतात.

आता दुपारी तीनला पाण्यात १२ आहे आणि मर्यादा ७.५ आहे. अशा वेळी पॅडलव्हील (पृष्ठभागावर फिरून पाणी उडवणारं चाक) लावलं तर जास्तीचा ऑक्सिजन हवेत उडतो. रात्री कामाला आला असता तो आपण वीज जाळून घालवतो. दिवसा बाराच्या सुमाराला वरचं-खालचं पाणी मिसळायला तासभर चालवणं वेगळं, ते खोल तळ्यात उपयोगी आहे. पण एरेटरची खरी पाळी रात्री अकरा-बारापासून ऊन चांगलं वर येईपर्यंतची. साडेपाचला उजाडलं म्हणून बंद करणारे फार आहेत. उजाडल्याबरोबर शेवाळ ऑक्सिजन देऊ लागत नाही, पाण्यावर ऊन पडावं लागतं. ढगाळ असेल तर नऊपर्यंतही बंद करू नका.

याच कारणासाठी बॅटरी नसलेला सौर एरेटर हा एकमेव आधार म्हणून घेऊ नये. तो ज्या तासांत चालतो त्या तासांत तळ्याला त्याची गरज सगळ्यात कमी असते. शेतीची थ्री-फेज वीजही आता अनेक भागांत सौर वाहिनीमुळे दिवसा मिळू लागली आहे. पिकाला ते उत्तम, माशांना नाही. रात्री तळ्यावर कोणती वीज खात्रीने असते हे आधी बघा आणि मग मोटार ठरवा. रात्री फक्त सिंगल-फेज असेल तर १ एचपीचा सिंगल-फेज एरेटर घ्या. थ्री-फेजचा घेऊन फेजची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

सकाळी अकराला काठावर उभं राहून मोजणं

ऑक्सिजन मोजायचं मीटर नवीन असतं, उत्साह असतो, तळ्यावर जायची वेळ सोयीची असते. काठावरून हातभर खोलीवर आकडा येतो ८, आणि वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं जातं. त्या आकड्याचा उपयोग शून्य. मोजायचं ते पहाटे, तळ्याच्या मध्याकडे आणि दोन खोल्यांवर: वरून एक फूट आणि तळापासून एक फूट वर. मीटर वापरण्याआधी ओलसर हवेत कॅलिब्रेट करा. पडद्याचं प्रोब असेल तर पडदा फाटलेला किंवा त्याखाली बुडबुडा अडकलेला नाही हे पाहा.

पहाटे उठणं जमत नसेल तर संध्याकाळी दोनदा मोजा. सातला ७.५ आणि दहाला ६ भरला, म्हणजे तासाला अर्धा मिलिग्रॅम जातोय. पहाटे सहाला आणखी आठ तास, म्हणजे ४ गेले, उरले २. मग उत्तर सरळ आहे: अकराला एरेटर लागला पाहिजे. हा अंदाज तंतोतंत येत नाही, पण मासे वर आल्यावर धावण्यापेक्षा खूप बरा. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी टायट्रेशनचं किट तरी ठेवावं. पाण्याच्या रंगावरून ऑक्सिजन सांगणाऱ्यांवर विसंबू नका. गर्द हिरवं पाणी दुपारी जितकं देतं तितकंच रात्री ओढून घेतं.

झडीतली रात्र

दर पावसाळ्यात, वेगवेगळ्या तालुक्यांत, एकाच क्रमाने घडणारी ही गोष्ट आहे. क्रम नीट वाचा, कारण यातली प्रत्येक पायरी टाळता येते.

तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. मासे अर्धा-पाऊण किलोचे झालेले, विक्री महिन्या-दीड महिन्यावर. झड लागते. पहिल्या दिवशी ऊन नाही, शेवाळाने ऑक्सिजन जेमतेम बनवला. पण खाद्य रोजच्याइतकंच पडतं, कारण वजन वाढवायचं असतं. इथे पहिली चूक. तळ्यात पडलेलं एक किलो खाद्य, माशांनी पचवलेलं आणि वाया गेलेलं मिळून, शेवटी एक किलोच्या आसपास ऑक्सिजन वापरून जातं. दुसऱ्या दिवशीही ढग. तळं कालच्या तुटीवर आजची तूट चढवतं. संध्याकाळी कोणी मोजत नाही. रात्री पावसात विजेचा फीडर बंद पडतो. जनरेटर आहे, पण मागच्या उन्हाळ्यापासून चालवलेला नाही आणि डिझेल संपलेलं आहे.

पहाटे चारला मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. सहाला माणूस तळ्यावर येतो, आणि मग घाईत हाती येईल ते पाण्यात पडतं: चुना, पोटॅशियम परमँगनेट, ऑक्सिजनच्या गोळ्यांचं एक पाकीट. कोणी जाळं ओढून मासे हलवून बघतो. दमलेल्या माशाला जाळ्याने पळवणं म्हणजे उरलेला श्वासही काढून घेणं. साडेसातपर्यंत मोठे कटले उलटे होतात. नऊला वीज येते, ढग थोडे फाकतात, उरलेले मासे खाली जातात. दुपारी निदान होतं ‘रोग आला’, आणि औषध खरेदी केलं जातं.

रोग नव्हता. ओळखायची खूण अशी: ऑक्सिजन कमी पडला की मरतूक पहाटे होते, मोठे मासे आधी जातात, कटल्याचा नंबर सहसा पहिला लागतो आणि त्याच तळ्यातली लहान बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) बऱ्याचदा वाचते. विष किंवा कीटकनाशक गेलं असेल तर वेळ ठरलेली नसते आणि लहानमोठे असा भेद राहत नाही. पंगस आणि मागूर वरची हवा घेऊन तगतात, त्यामुळे ते जिवंत आहेत म्हणून पाणी ठीक आहे असं समजू नका.

काय करायला हवं होतं? ढगाळ पहिल्या दिवशी खाद्य निम्मं, दुसऱ्या दिवशी बंद. मासे दोन-तीन दिवस उपाशी राहून मरत नाहीत. संध्याकाळी दोनदा मोजणी. जनरेटर दर आठवड्याला एरेटरचा भार देऊन पंधरा मिनिटं चालवलेला, टाकी भरलेली. नुसता सुरू करून पाहणं ही चाचणी नव्हे, भार पडल्यावर बंद पडणारे जनरेटर पुष्कळ असतात.

आणि मासे वर आलेच तर: खाद्य बंद, जाळं बंद, एरेटर चालू. एरेटर नसेल तर तळ्याचंच पाणी पंपाने उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पंपाची फूटव्हॉल्व्ह वरच्या दोन फुटांत टांगा, तळाशी नको. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट सोडत असाल तर सावध राहा. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन अनेकदा अगदी कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ते उंचावरून, तुकडे होऊन पडलं तरच उपयोग.

गोळ्यांवरचा विश्वास

ऑक्सिजनच्या गोळ्या किंवा दाणे म्हणजे बहुतेक वेळा सोडियम परकार्बोनेट. शुद्ध मालाच्या एका किलोतून १३० ते १५० ग्रॅम ऑक्सिजन निघतो. वर सांगितलेल्या तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी असतं. तिथे ऑक्सिजन लिटरमागे फक्त २ मिलिग्रॅमने वाढवायचा तर ४ किलो ऑक्सिजन लागेल, म्हणजे साधारण ३० किलो गोळ्या, त्याही एका खेपेला. एक-दोन किलोच्या पाकिटाने तळं वाचलं असं सांगणाऱ्याने त्या दिवशी ऊन किती वाजता आलं तेही सांगावं. छोट्या टाकीत, बीज आणल्यावर किंवा मासे पकडून ठेवलेल्या हौदात या गोळ्या कामाच्या आहेत. त्यांनी पाण्याचा सामूही वाढतो आणि सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो, हे अमोनिया असलेल्या पाण्यात लक्षात ठेवा.

खोल तळ्यात पहिल्याच दिवशी तळापासून हवा

ही चूक कमी होते, पण झाली की पूर्ण तळं रिकामं करते. तीन-चार मीटर खोल शेततळं उन्हाळ्यात थर धरतं. वर कोमट, हिरवं, ऑक्सिजन असलेलं पाणी असतं. खाली गार आणि जड पाणी, ज्यात महिनोन्‌महिने खाद्य आणि विष्ठा कुजत असते. त्या थरात ऑक्सिजन नसतो, हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया असतात. मासे वरच्या थरात नीट जगतात, त्यामुळे मालकाला काही कळत नाही.

मग नवीन ब्लोअर (नळीतून हवा ढकलणारं यंत्र) किंवा तळाशी ठेवायची छिद्राची नळी येते. हौसेने पहिल्याच दिवशी अख्खी रात्र चालवली जाते. सगळं खालचं पाणी वर येतं आणि पूर्ण तळ्याचा ऑक्सिजन काही तासांत खाऊन टाकतं. उन्हाळ्यातला पहिला जोरदार, गार पाऊसही हेच करतो, म्हणून वळवाच्या पावसानंतरची रात्र जागायची असते.

रीत अशी: पहिल्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर १५ ते ३० मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुप्पट. अशी वाढ करत आठवड्याने पूर्ण वेळ. मध्ये कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा मासे अस्वस्थ दिसले तर त्या दिवशी थांबा. एवढा धीर नसेल तर तळाची नळी लावूच नका, पृष्ठभागावरचं पॅडलव्हील पुरेसं आहे. आणि एकदा मिसळणं सुरू केलं की खंड पाडू नका. पंधरा दिवस बंद ठेवून पुन्हा जोरात चालवलं तर धोका पुन्हा पहिल्यासारखाच.

पाटीवरचा आकडा खरा धरणं

एरेटरची क्षमता २० अंशाच्या, ऑक्सिजन शून्य असलेल्या स्वच्छ पाण्यात मोजलेली असते. तुमच्या तळ्यात पहाटे ३० अंशाला ४ मिलिग्रॅम असेल तर मिळतं ते निम्म्याहून कमी. १ एचपीचं चांगलं पॅडलव्हील कागदावर तासाला एक-सव्वा किलो ऑक्सिजन देतं, तळ्यात अर्धा किलो धरा. एक टन मासा स्वतः तासाला साधारण ३०० ग्रॅम घेतो, आणि शेवाळ व गाळ मिळून बऱ्याच तळ्यांत तेवढंच किंवा जास्त. म्हणून एका एचपीवर अर्धा टन मासा हा हिशेब ठेवावा. मत्स्यबीज सोडताना ‘एरेटर आहेच’ म्हणून दुप्पट बोटुकली सोडणारे या हिशेबाशी खेळतात.

ब्लोअर, नळ्या आणि बायोफ्लॉक

बुडबुडे दिसतात म्हणजे काम होतंय, असं नाही. एक मीटर खोलीवरून बुडबुडा तीन-चार सेकंदांत वर येतो आणि मोठ्या बुडबुड्यातला बहुतेक ऑक्सिजन जसा आला तसा हवेत जातो. बुडबुडा बारीक हवा आणि त्याने पाणी फिरतं ठेवायला हवं.

सगळे एअर स्टोन (हवा बारीक करून सोडणारे सच्छिद्र दगड) एकाच खोलीवर ठेवा. हवा सोपी वाट धरते. चार बोटं वर राहिलेल्या स्टोनमधून भडाभडा हवा जाते आणि बाकीचे गप्प राहतात. टाकीचा तळ मध्याकडे उतरता असेल तर दोऱ्यांची लांबी त्याप्रमाणे बांधा.

ब्लोअर घेताना दाब पाहा. एक मीटर पाण्याला सुमारे १०० मिलिबार लागतात, त्यात पाइप आणि स्टोनचे ३० ते ५० मिळवा. म्हणजे सव्वा मीटरच्या टाकीला १५५ ते १७५ मिलिबार. पाटीवर जास्तीत जास्त १५० लिहिलेला रिंग ब्लोअर तिथे तापून मरणार. हाच ब्लोअर तीन मीटरच्या शेततळ्यात टाकणाऱ्याला हवा मिळतच नाही. हवा जास्त झाली तर कॉक आवळून अडवू नका, जास्तीची हवा बाजूच्या तोटीने बाहेर सोडा. ब्लोअरमधून निघणारी हवा गरम असते, त्यामुळे पहिला दीड-दोन मीटर पाइप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) घ्या, पीव्हीसी तिथे मऊ होऊन निसटतो. ब्लोअर पाण्याच्या पातळीच्या वर बसवा. खाली बसवायचाच असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं मोटारीत येतं.

बायोफ्लॉकमध्ये, म्हणजे टाकीत दाट मासे ठेवून त्यांची घाण जिवाणूंच्या गुठळ्यांकडून (फ्लॉक) पचवून घ्यायच्या पद्धतीत, घाईला जागाच नाही. १०,००० लिटरच्या टाकीत २०० किलो तिलापिया असेल तर मासेच तासाला लिटरमागे ६ मिलिग्रॅम ओढतात, फ्लॉक वेगळा. साडेपाचवरून दोनवर यायला अर्धा तासही लागत नाही. त्यामुळे इन्व्हर्टर किंवा आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि वीज गेल्याचा भोंगा हे पहिल्या खरेदीत हवेत. ‘आधी मासे सोडू, बॅकअप नंतर बघू’ असं म्हणणाऱ्याला कोणीही बीज देऊ नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या

थ्री-फेज जोडल्यावर पॅडल उलटं फिरत असेल तर कोणत्याही दोन फेजा बदला. पॅडल पाण्यात चार इंचांच्या आसपास बुडावं, जास्त बुडालं की मोटार अँपिअर खेचते. दोन एरेटर समोरासमोर लावू नका, तिरप्या कोपऱ्यांत लावा म्हणजे पाणी एकाच दिशेने फिरतं. कागदाच्या तळ्यात नळीला वजन म्हणून विटा किंवा दगड बांधू नका, वाळू भरून टोपणं बसवलेला पीव्हीसी पाइप वापरा. सिंगल-फेज प्रिव्हेंटरशिवाय (एखादी फेज गेली की मोटार बंद करणारं उपकरण) थ्री-फेज मोटार चालवू नका.

ऑक्सिजन खरोखर भरला जातो तो बीजाच्या पिशवीत: एक भाग पाणी, दोन भाग सिलिंडरमधला ऑक्सिजन. तिथे पंपाने साधी हवा भरून पैसे वाचवू नयेत. पिशवी आणल्यावर उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा.

माणसाचा जीव

कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरलं की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. एरेटरची दोरी सोडवायला एकट्याने उतरू नका. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि एक-दोन हवा भरलेल्या ट्यूब कायम बांधलेल्या असू द्या. त्या पावसात काढून ठेवू नका, तेव्हाच त्या लागतात.

एरेटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग असलंच पाहिजे. केबलला पाण्यात जोड नको. जोड द्यावाच लागला तर तो काठावर, बंद डब्यात. एरेटरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात घाला, कारण वीज परत आली की ऑटो असलेला स्टार्टर स्वतःहून मोटार चालू करतो.

पॅडलव्हीलच्या गिअरबॉक्सचं तेल कंपनीने सांगितलेल्या तासांवर बदला. तेल दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे, लगेच उघडा. पांढरे पडलेले एअर स्टोन पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवा आणि फेस थांबला की साध्या पाण्यात धुवा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. जवळपास ब्लीचिंग पावडर नको आणि हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करा. चिकट बुळबुळीत झालेले स्टोन दोन दिवस कडक उन्हात वाळवले तरी पुरतं.